विजेच्या गाडीचे वार्धक्य

वाफेचे जुने इंजिन कोठे उभे दिसले की जाणारा-येणारा घटकाभर थांबतो. त्याचे काळेभोर अंग, बाहेरून दिसणारे जाड दांडे, धुराडे, शिट्टी हे सारे पाहून उतारवयातील पहिलवानाकडे पाहावे तशा नजरेने लोक त्याच्याकडे पाहतात. म्हणूनच जगातील बहुतेक रेल्वेमार्गांवरून वाफ गेली तरी वाफेची इंजिने पुरती नाहीशी झाली नाहीत. इंग्लंडात तर हौशी मंडळींनी वर्गण्या जमवून, बंद पडलेले फाटे विकत घेऊन, सुटीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी कोळसा टाकून ती चालती ठेवली आहेत. विजेवर चालणाऱ्या प्रवासी गाडीच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. तिच्यात रोज बसणारी माणसे लाखांनी मोजावी लागतात. परंतु केवळ तिच्याकडे पाहण्यासाठी थांबलेला मनुष्य दाखवा म्हटले तर शोधावा लागेल. सकाळी जिच्यात शिरण्यासाठी खांद्याला खांदा घासावा लागतो आणि सायंकाळी जिच्यातून उतरल्यावर अंगावरील सदरा शाबूत आहे की नाही हे चाचपावे लागते, तिच्याविषयी कौतुक वाटावे तरी कसे?

असे असले तरी मोठ्या शहरांचे जीवन जिने पालटून टाकले ती हीच गाडी. शहराबाहेर दहा-वीस मैलांवर बिऱ्हाड करावयाचे आणि शहरात नोकरीला जावयाचे, ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी सुरू केली हे विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. अशी गाडी तीस-चाळीस वर्षे राबून निवृत्त झाली म्हणजे तिचे काय करावे, हा प्रश्न वरवर छंदिष्टांचा वाटेल. थोडे खोलात गेल्यावर मात्र असे दिसते की, विजेची गाडी जपणे हे वाफेचे इंजिन जपण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, आणि त्याची कारणे त्या गाडीच्या रचनेतच दडलेली आहेत.

लहान मूल लोकलगाडीत पहिल्यांदा बसले की विचारते, “हिचे इंजिन कोठे आहे?” प्रश्न मार्मिक आहे. या गाडीला निराळे इंजिन नसतेच. फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याने १८९७ साली शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी अशी योजना केली की, गाडीतील अनेक डब्यांच्या तळाशी विजेच्या मोटारी बसवाव्या आणि त्या सर्वांना पुढच्या डब्यातील एकाच चालकाने, एका हलक्या नियंत्रक तारेच्या साहाय्याने, एकाच वेळी हुकूम द्यावा. मुठीने दिलेली आज्ञा गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि सारे डबे एका क्षणी ओढू लागतात. गाडी लांब करावयाची झाली तर डबे जोडावे, तोकडी करावयाची झाली तर सोडावे, ताकद आपोआप त्या मानाने वाढते वा घटते. टोकाला पोहोचल्यावर इंजिन फिरवून आणण्याचा खटाटोप नाही. चालकाने आपली पिशवी उचलून दुसऱ्या टोकाला जावे की झाले. जगभरच्या उपनगरी गाड्या आजही याच तत्त्वावर चालतात.

या रचनेचा दुसरा अर्थ असा की, ही गाडी म्हणजे एक अखंड प्राणी आहे. वाफेचे इंजिन डब्यांपासून तोडून संग्रहालयात ठेवले तरी ते इंजिनच राहते. विजेच्या गाडीचा मोटारडबा एकीकडे व बिनमोटारीचे डबे दुसरीकडे गेले की उरतात ती नुसती हाडे. शिवाय वाफेच्या इंजिनाला कोठेही नेऊन कोळसा-पाणी दिले की ते फुसफुसू लागते. विजेच्या गाडीला डोक्यावर तार लागते किंवा बाजूला तिसरा रूळ लागतो. त्या तारेमागे वीजकेंद्र लागते. आणि त्या केंद्रातून नेमका तोच दाब, तोच प्रवाह यावा लागतो. निवृत्तीच्या दिवशी ती केवळ चाकरीला मुकत नाही, तर जिच्यावर ती जगत होती त्या अन्नालाही मुकते.

पहिल्या काळात लोकांनी या गोष्टीचा विचारच केला नाही, आणि त्याबद्दल त्यांना फार दोष देण्याचेही कारण नाही. लिव्हरपूल बंदराच्या गोद्यांवरून जाणारी उन्नत रेल्वे १८९३ साली सुरू झाली. उंच लोखंडी खांबांवरून धावणारी, विजेवर चालणारी जगातील ही पहिली रेल्वे. गोदी-कामगारांचे येणे-जाणे तिच्यावरूनच होत असे, आणि पावसात तिच्या खालून चालत जाणाऱ्यांना ती फुकटची छत्री वाटे. खांब व मार्ग गंजले, दुरुस्तीचा खर्च कंपनीला झेपेना, आणि ३० डिसेंबर १९५६ रोजी तिच्यावरून शेवटची गाडी गेली. मग सारा मार्गच उतरवून भंगारात काढण्यात आला. आज लिव्हरपूलच्या संग्रहालयात तिचा एक डबा उंच मांडणीवर ठेवलेला आहे. त्यात शिरले की लाकडी बाके दिसतात, खिडक्या दिसतात. एका शहराच्या साठ-पासष्ट वर्षांच्या ये-जा करण्याची ती जवळजवळ एकुलती एक साक्ष आहे. एक तरी उरला हे खरे. पण खालची नदी, गोद्या, आणि वरून जाताना होणारा तो लोखंडी खडखडाट यांतले काय उरले?

जपणुकीच्या सगळ्या अडचणी एकाच गाडीच्या चरित्रात पाहावयाच्या असतील तर ‘ब्रायटन बेल’ची हकीकत सांगावी लागेल. लंडन ते ब्रायटन हा पन्नास-एक मैलांचा समुद्रकाठचा मार्ग सदर्न रेल्वेने विजेवर आणला आणि १ जानेवारी १९३३ पासून त्यावर विजेच्या गाड्यांची पुरी वाहतूक सुरू केली. त्यासाठी १९३२ साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पाच-पाच डब्यांचे तीन संच बांधण्यात आले. साऱ्या जगात पुलमन थाटाची, संपूर्ण विजेवर स्वतः चालणारी गाडी हीच एक. भिंतींवर निरनिराळ्या लाकडांची नक्षीदार जडणघडण, प्रत्येक मेजावर छोटासा दिवा, पांढऱ्या कोटातले वाढपी. पंधरा डब्यांपैकी पहिल्या वर्गाच्या सहा डब्यांना मुलींची नावे होती: हेझल, डॉरिस, ऑड्री, व्हेरा, ग्वेन आणि मोना. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना मात्र नुसते क्रमांक. गाड्यांतही जातिभेद असतोच! लंडन ते ब्रायटन प्रवास तासाभराचा, आणि त्यात न्याहारी किंवा चहा. ब्रायटनला राहणारी आणि लंडनच्या रंगभूमीवर कामे करणारी नटमंडळी रात्रीचा प्रयोग आटोपून हिनेच घरी जात.

गाडी दिसावयास देखणी असली तरी बसावयास सुखकर नव्हती. तिचे हादरे प्रसिद्ध होते आणि चहाचा पेला ओठापर्यंत नेणे ही एक कसरतच होती. तरीही तिच्यावर लोकांचा जीव होता. एकदा न्याहारीच्या यादीतून ‘किपर’ म्हणजे धुरी देऊन सुकवलेला हेरिंग मासा काढून टाकण्यात आला, तेव्हा सर लॉरेन्स ऑलिव्हिए या थोर नटाने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि मासा परत आणविला. शेक्सपिअरचे राजे रंगविणारा नट सुक्या माशासाठी रेल्वेशी भांडतो याचे इतरांना हसू येईल. कारवारपासून गोमंतकापर्यंतच्या लोकांना मात्र त्यात काहीच वावगे वाटणार नाही. मासा परत आला, पण गाडी काही वाचली नाही. ३० एप्रिल १९७२ रोजी तिच्या शेवटच्या फेऱ्या झाल्या.

पुढे जे झाले ते बोधप्रद आहे. ही गाडी कोणी भंगारात टाकली नाही. उलट, तिच्या डब्यांना गिऱ्हाइके मिळाली. घोटाळा तेथेच झाला. कौतुक होते डब्यांच्या देखणेपणाचे, म्हणून एकेक डबा एकेकाने नेला. ‘हेझल’ यॉर्कशायरमधील मोल्टन गावच्या ‘ब्लॅक बुल’ या खाणावळीच्या आवारात भोजनगृह म्हणून उभी राहिली. ८९ क्रमांकाचा मोटारडबा डर्बीशायरमधील रोवार्थच्या एका जुन्या पथिकगृहाशेजारी जाऊन बसला. ‘ऑड्री’ आणि ‘व्हेरा’ यांचे नशीब अधिक उजळ. त्या श्रीमंत पर्यटकांसाठी चालणाऱ्या पुलमन गाडीत दाखल झाल्या आणि आजही रुळांवरून धावतात, मात्र दुसऱ्या इंजिनाने ओढल्या जाऊन. म्हणजे लाकडी नक्षी वाचली, मेजावरचे दिवे वाचले, पण जगात जिच्यासारखी दुसरी नव्हती ती विजेची गाडी नाहीशी झाली. एखाद्या घराण्याचे दागिने लेकी-सुनांत वाटले जावेत आणि घर मात्र पडावे, त्यातलाच हा प्रकार.

छत्तीस-सदतीस वर्षांनी, २००९ च्या सुमारास, हे घर पुन्हा उभे करावे म्हणून एक विश्वस्त संस्था पुढे आली. तिने डबे शोधले, मालकांशी बोलणी केली, एकेक डबा विकत घेऊन एकत्र आणला. खाणावळीतून परत आलेल्या डब्यांतील जमिनी कुजल्या होत्या, स्वयंपाकासाठी भिंती फोडल्या होत्या, तळाचे विजेचे सामान कधीच निघून गेले होते. जे काम १९७२ साली एका शेडची जागा आणि थोडीशी दूरदृष्टी एवढ्यावर भागले असते, त्यासाठी पुढे वर्षानुवर्षांची मेहनत आणि देणगीदारांच्या पैशाच्या थैल्या लागल्या. नुसते जमा करून भागले नाही. मुख्य मार्गावर गाडी धावावयाची तर ती आजच्या नियमांत बसली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या सुरक्षा-नियमांनी, ज्यांची दारे चालकाच्या वा गार्डच्या ताब्यातील कुलपाने एकदम बंद होत नाहीत अशा जुन्या डब्यांना खास सवलतीखेरीज मज्जाव केला आहे. जुनी मूळ बोगी, म्हणजे चाकांची चौकट, तर कुप्रसिद्धच. म्हणून नंतरच्या काळातील चांगली बोगी वापरण्याचे ठरले.

येथे कडव्या पुराणप्रेमींचा एक आक्षेप येतो: चाकांची चौकट बदलली, दारांना नवी कुलपे लावली, तारा नव्या घातल्या, मग ती जुनी गाडी कसली? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. पण चालत्या गाडीचे झिजणारे भाग तिच्या सेवेच्या काळातही बदलले जातच होते. चाळीस वर्षे धावलेल्या कोणत्याही गाडीची चाके पहिल्या दिवशीची नसतात. बदललेला मूळ भाग फेकून न देता बाजूला जपून ठेवावा, काय बदलले व का बदलले याची नोंद ठेवावी, आणि प्रवाशाला खोटे सांगू नये. एवढे पाळले म्हणजे प्रामाणिकपणाला बाध येत नाही. हादऱ्यांचा अस्सल अनुभव घेण्याची ज्यांना फारच हौस असेल त्यांची सोय अन्यत्र करता येईल.

आता अन्नाचा, म्हणजे प्रवाहाचा प्रश्न. ज्या देशात तारेतील प्रवाह बदललेला नाही तेथे म्हातारी गाडीही घरी असल्यासारखी वावरते. इटलीच्या मुख्य मार्गांवर पूर्वीपासून ३,००० व्होल्टचा एकदिश प्रवाह आहे. तेथे १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या वेळी ‘आर्लेक्किनो’ नावाची एक चार डब्यांची सुंदर गाडी बांधण्यात आली होती. चालकाची खोली छपरावर आणि त्यामुळे अगदी नाकापाशी प्रवाशांच्या आसनांना मोकळी काच, अशी तिची खुबी. इटालियन रेल्वेने जुन्या गाड्यांसाठी २०१३ साली एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापिले; त्याने या गाडीचा एक संच दुरुस्त करून २०१९ साली पुन्हा रुळांवर आणला. तार तीच, दाब तोच. गाडीला आपली भाकरी ओळखीची वाटली.

लंडनच्या भुयारी रेल्वेची १९३८ सालची लाल गाडीही अशीच नशीबवान. मोटारींचे नियंत्रण करणारे सगळे सामान जमिनीखाली दडवून वरची सारी जागा प्रवाशांना देणारी ती भुयारातली पहिली गाडी. तिचा चार डब्यांचा एक संच लंडनच्या वाहतूक-संग्रहालयाने जपला आहे व खास दिवशी तो प्रवासी घेऊन धावतो. याच गाडीच्या काही भावंडांची कथा तर अधिक विलक्षण आहे. दक्षिण किनाऱ्याजवळच्या वाइट बेटावरील राइड गावाच्या बोगद्याची उंची कमी असल्याने तेथे मोठे डबे जात नाहीत. म्हणून १९६७ साली तो मार्ग विजेवर आणताना लंडनच्या भुयारातील जुन्या गाड्याच नेण्यात आल्या, आणि त्या थकल्यावर १९८९ साली त्यांच्या जागी १९३८ च्या गाड्या आल्या. लंडनने ज्यांना निवृत्त केले होते त्या या आजीबाई समुद्राच्या वाऱ्यात ३ जानेवारी २०२१ पर्यंत रोजची चाकरी करीत होत्या! शेवटी त्यांतील दोन डब्यांचा एक संच त्याच बेटावरील वाफेच्या रेल्वेने ठेवून घेतला. त्या रेल्वेवर तिसरा रूळ नाही. धुराला हद्दपार करण्यासाठी जिचा जन्म झाला, तिला उतारवयात धुराच्याच घरी आश्रय मिळाला.

जेथे प्रवाह नाही तेथे अशा गाडीला डिझेलच्या इंजिनाने ओढण्याची तोड काढली जाते. लंडनच्या दक्षिणेकडील मार्गांवरच्या, हाताने धाडकन लावावयाच्या दारांच्या गाड्या २००५ च्या नोव्हेंबरात सर्वसाधारण सेवेतून गेल्या. त्यांतील दोन छोटे संच लिमिंग्टनच्या फाट्यावर २०१० च्या मे महिन्यापर्यंत मुद्दाम चालविण्यात आले. लहानसा फाटा, अंगचाच तिसरा रूळ, हळू वेग, त्यामुळे ते जमले. फाट्यावरची ती सोय संपल्यावर त्या गाड्या हौशी रेल्वेंकडे गेल्या, आणि तेथे त्यांच्यापुढे डिझेल इंजिन लावावे लागले. ओढली जाणारी विजेची गाडी पाहून मनाला बरे वाटत नाही. त्यातल्या मोटारी मुक्या असतात. सुटताना हळूहळू चढत जाणारा तो त्यांचा स्वर, जो ऐकून नेहमीचा प्रवासी डोळे मिटल्या-मिटल्या गाडीचा वेग सांगत असे, तो ऐकू येत नाही.

यावर एक उपाय आजच्या काळाने हातात दिला आहे. जुन्या एकदिश प्रवाहाच्या मोटारी कमी दाबावरही चालतात, फक्त सावकाश चालतात. पूर्वी शिशाच्या बोजड बॅटऱ्यांवर हे अव्यवहार्य होते. आता हलक्या व दमदार बॅटऱ्या आल्या आहेत. गाडीच्या एखाद्या डब्यात किंवा तळाशी त्या ठेवून तिला तिच्याच मोटारींच्या बळावर मैल-दीड मैल फिरविणे, ही कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही. शंभर मैलांचा वेग कोणाला हवा आहे? मुलाबाळांना घेऊन दहा मिनिटे बसता आले आणि मूठ फिरविल्यावर काय होते ते कानांनी ऐकता आले, की पुष्कळ झाले.

निवाऱ्याचा प्रश्न मात्र बॅटरीने सुटत नाही. वाफेचे इंजिन जाड पत्र्याचे. ते पावसात उभे राहिले तरी वर्षानुवर्षे तग धरते. विजेच्या गाडीचा डबा पातळ पत्र्याचा, जुना असेल तर लाकडी सांगाड्याचा, आणि पोटात तारांचे जंजाळ. छपरातून एकदा पाणी शिरू लागले की दोन-चार पावसाळ्यांत तो आतून पोखरला जातो. त्यातच जुन्या डब्यांत उष्णता व विजेपासून बचावासाठी ॲस्बेस्टॉस वापरलेले असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून ते काढण्यास खास तज्ज्ञ बोलवावे लागतात व त्याचा खर्च डब्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. कॉव्हेन्ट्रीजवळ केवळ विजेच्या गाड्यांसाठी एक संग्रहालय हौशी मंडळींनी चालविले होते. जिच्यावर ते उभे होते ती जमीन विकली जाणार म्हणून २०१७ च्या ऑक्टोबरात ते बंद करावे लागले आणि तेथील गाड्यांना ठिकठिकाणी आसरा शोधावा लागला. मर्सी नदीखालच्या बोगद्यातून जाणारी १९३८ सालची एक गाडी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मार्गेटच्या एका गोदामात पोहोचली. ज्या वस्तूला साठ-सत्तर फूट लांबीचे तीन-चार डबे आहेत तिला पाहुणी म्हणून कोण किती दिवस ठेवणार? छप्पर व जमीन आधी, गाडी मागून, हा क्रम ज्यांनी पाळला त्यांच्याच गाड्या टिकल्या.

हे सारे परक्या मुलखातले म्हणून सोडून देता येत नाही, कारण हिंदुस्थानातील विजेच्या गाडीचा जन्म महाराष्ट्राच्या भूमीवर झाला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून बंदराच्या बाजूने कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची गाडी गेली. डोक्यावरच्या तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली ही पश्चिमेची बाजू विजेवर आली. १९२९ त घाट ओलांडून तार पुण्यापर्यंत पोहोचली, आणि १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ निघाली. नव्वद वर्षांच्या आसपास हा १,५०० व्होल्टचा प्रवाह मुंबईचे जीवन वाहत होता.

पुढे तो बदलणे प्राप्तच होते. दाब कमी असला की त्याच कामाला प्रवाह जास्त लागतो, जाड तारा लागतात, थोड्या-थोड्या अंतरावर वीजकेंद्रे लागतात. २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर वीज वाचते, गाड्या अधिक लांब व अधिक वेगाने सोडता येतात. देशातील इतर मार्गांवर तोच प्रवाह आहे. २०२२ साली कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पुरे होऊन गोमंतकात पोहोचला तोही हाच. पश्चिम रेल्वेवर हे परिवर्तन २०१२ त संपले. मध्य रेल्वेवर शेवटचा तुकडा राहिला तो हार्बर मार्गाचा, आणि ९ एप्रिल २०१६ च्या रात्री जुन्या प्रवाहावरची शेवटची लोकल कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे गेली. ज्या वाटेवर १९२५ त पहिली गाडी धावली, नेमक्या त्याच वाटेवर, एक्याण्णव वर्षांनी, शेवटची. योगायोग खरा, पण इतका नेटका की कोणी रचून सांगितला तर खोटा वाटावा.

या बदलाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. रोज गर्दीत चेंगरणाऱ्या माणसाला जुन्या प्रवाहापेक्षा वेळेवर येणारी गाडी प्रिय असली पाहिजे. मात्र त्या रात्रीनंतर मुंबईत १,५०० व्होल्टची प्रवासी गाडी आपल्या पायांवर चालू शकेल असा मार्ग उरला नाही, हे समजून घेतले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे उदाहरण याउलट आहे. तेथेही मुंबईच्या पाठोपाठ, १९२६ साली, याच १,५०० व्होल्टवर विजेच्या गाड्या सुरू झाल्या व तोच प्रवाह आजही तेथील उपनगरी मार्गांवर आहे; म्हणून तेथे जपलेल्या जुन्या लाल गाड्यांना घरची तार तरी डोक्यावर आहे. मुंबईची गाडी जपावयाची तर तिचे सर्वस्व दुसरीकडून उभे करावे लागेल.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ आणि ‘सर रॉजर लम्ले’ ही जुन्या जी. आय. पी. रेल्वेची विजेची इंजिने उभी आहेत. दुसरे इंजिन तर ‘दख्खनची राणी’ ओढणाऱ्या जातीचे. ती जपली हे उत्तम झाले. पण राज्यपालांच्या नावाची इंजिने जपणे त्यामानाने सोपे. बिननावाची लोकल जपणे कठीण. तिला ना नाव, ना इतिहासात जागा. आणि विचार केला तर मुंबईचा गेल्या शतकाचा इतिहास इंजिनांपेक्षा तिच्याच लाकडी बाकांवर अधिक लिहिला गेला आहे. गिरणीची पाळी धरणारा कामगार, डबेवाल्यांच्या लाकडी चौकटी, बायकांच्या डब्यातील भाजी निवडणे, भजनी मंडळींचे टाळ, चौथ्या आसनावर टेकण्याची ती परवानगी न मागता मिळणारी जागा. १९७४ त रद्द झालेला तिसरा वर्ग. बारा फूट रुंदीचा तो ऐसपैस डबा, ज्याच्या तोडीचे रुंद डबे जगात फार थोड्या ठिकाणी आढळतील.

म्हणून जपावयाचे ते काय, हे नेमके ठरविले पाहिजे. एकटा रंगविलेला डबा चौकात उभा करून त्यात उपाहारगृह काढणे म्हणजे ‘ब्रायटन बेल’च्या चुकीची उजळणी. मोटारडबा व त्याला जोडलेले बिनमोटारीचे डबे, असा एक तरी पुरा संच हवा. तळाचे रोधक, मोटारी, संपीडक, छपरावरचा पँटोग्राफ यांसह हवा. आणि तो कारशेडमधील एखाद्या जुन्या छपराखाली हवा, जेथे सुटे भाग व ते ओळखणारे हात दोन्ही जवळ असतात. गाडी निवृत्त होण्यापूर्वी वर्षभर आधी कोणता संच ठेवावयाचा ते ठरवून त्यावर खडूने खूण करावी. निवृत्तीनंतर ठरवू म्हटले की कोणीतरी तांब्यासाठी मोटारी काढून नेलेल्या असतात.

आणि एक वस्तू अशी आहे की तिला शेड लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही, पण वेळ मात्र तिच्यासाठी थांबत नाही. जुन्या प्रवाहाची गाडी चालविणे ही एक कला होती. मूठ किती वेळाने पुढच्या खाचेवर न्यावी, पावसात चाक घसरू लागले तर काय करावे, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांचा ब्रेक कसा वेगळा लावावा. मूठ सोडली तर गाडी आपोआप थांबते या योजनेमुळे हात किती अवघडतो आणि तो कसा विसावायचा. संपीडकाच्या ठोक्यावरून बिघाड कसा ओळखावा, हे पुस्तकात पुरते उतरलेले नाही. ते मोटरमनच्या मनगटात आणि कारशेडमधील फिटरच्या कानात होते. २०१६ त जे जुने मोटरमन त्या गाड्या चालवीत होते त्यांतील अनेक आता निवृत्त होऊन कल्याण-डोंबिवलीकडे, कोकणात किंवा घाटावर आपापल्या गावी राहत असतील. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्यांच्या ओटीवर जाऊन बसले, आणि गाडीच्या नियंत्रकाची एक जुनी मूठ त्यांच्या हातात दिली, तर ते बोलतील.